कनवटीला लावलेला तांबडा खडा

कल्पना करा, सपाट माळावर एक तांबडा डोंगर एकटाच बसलाय आणि तुम्हाला त्याच्याभोवती फेरी मारायची आहे. वर चढायचं नाही. काही जागांचे फोटो काढायचे नाहीत. आणि तिथून काहीही उचलायचं नाही. जमेल?

रहाटणीच्या भिमाबाईंना पहिल्या दोन गोष्टी सहज जमल्या. तिसरी त्यांना वेळेवर कुणी सांगितलीच नाही.

भिमाबाईंनी उभी हयात भोसरीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटल्या. लेक आम्रपाली शिकली, ऑस्ट्रेलियात नोकरीला लागली आणि यंदा आईला तिकडे घेऊन गेली. जावई धम्मरत्न म्हणाला, "आत्या, आधी उलुरू बघू. तिथल्या मूळच्या लोकांची, अनांगूंची पवित्र जागा आहे."

तिथे माश्या इतक्या, की आम्रपालीने आईच्या तोंडावर जाळीची टोपी चढवली.

"आत्या, मोहोळ झाडायला निघालात जणू!" जावयाला हसू आवरेना.

"मध निघाला तर तुमास्नी न्हाई द्यायची," म्हणत भिमाबाईंनी पदर खोचला आणि चालायला लागल्या. डोंगर उजव्या हाताला ठेवून, स्तूपाला प्रदक्षिणा घालतात तशा. एका कपारीत पाणी साचलं होतं. तिथे त्या थांबल्या, हात जोडले आणि वाटेच्या कडेचा एक खडा उचलून गुपचूप कनवटीला लावला.

सवयच होती ती. त्यांचं माहेर चाकणकडचं. गावामागच्या टेकाडावर लहानपणी त्यांनी शेळ्या राखलेल्या. पुढे कारखान्यासाठी जमीन सपाट करताना मशिनींनी ते टेकाड खाल्लं. भिमाबाई माहेरी गेल्या, तर टेकाडाच्या जागी पत्र्याची शेड उभी आणि कुंपणालगत एक दगड पडलेला. तो त्यांनी घरी आणला आणि गॅलरीतल्या बोधिवृक्षाच्या कुंडीत ठेवला. तेव्हापासून जिथे माथा टेकावा, तिथला खडा कुंडीत यायचा. कार्ल्याचा, बोधगयेचा. जागेचा मान ठेवायची त्यांची हीच रीत.

फेरी संपवून तिघं माहिती केंद्रात गेले. भिंतीवरचं वाचून आम्रपाली आईला सांगू लागली, "लोक इथले दगड घरी नेतात बघ. मग मनाला लागतं, आणि कुठून कुठून पोस्टाने परत पाठवतात, माफी मागून. इथलं काही नेलेलं या लोकांना चालत नाही."

भिमाबाईंचा हात कनवटीवर गेला. "परत आल्यावर कुटं ठेवत्यात मग?"

"तीच तर पंचाईत. कुठला कुठून उचललेला, ते कसं कळणार?"

"आमू, त्या पाण्यापाशी चल."

"आता? पाय दुखतात म्हणून आत्ताच टेकलीस ना?"

भिमाबाईंनी मूठ उघडली.

"आई! इथेसुद्धा?"

"मला वाटलं, मान हाय त्यो."

धम्मरत्नने गाडीची किल्ली काढली. "चला आत्या. अजून पोस्टात नाही पडला, हेच नशीब."

कपारीपाशी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. सगळी जमीन तांबडी, सगळे खडे तांबडे. भिमाबाई उकिडव्या बसल्या. जाळी वर सारून बघत राहिल्या. ह्या झुडपाच्या अलीकडे होता, का पलीकडे? उचलताना त्यांनी डोंगराकडे पाहिलं होतं, खाली नाही.

"ठेव ना आई कुठेही. सगळे सारखेच तर आहेत."

"आमच्या टेकाडाला बी असंच म्हणाले असतील," भिमाबाई म्हणाल्या. आम्रपाली पुढे आली. आईशेजारी तीही उकिडवी बसली आणि माश्या वारत खाली शोधू लागली.

शेवटी झुडपाच्या अलीकडे एक खळगी दिसली. त्यात भिमाबाईंनी खडा ठेवला. नीट बसला नाही असं वाटून जरा फिरवला. मग डोंगराला म्हणाल्या, "चुकलं रं बाबा."

आता त्या रहाटणीला परतल्या आहेत. कुंडीत उलुरूचा खडा नाही, आणि शेजारच्या शालनबाईंना त्याचं नवल वाटतं. "एवढ्या लांब जाऊन रिकाम्या हाती?" भिमाबाई नुसत्या हसतात.

रविवारी व्हिडिओ कॉल येतो. जेवण झालं का, तिकडे थंडी पडली का, जावई घरकामाला हात लावतात का, सगळं विचारून होतं. आम्रपाली फोन ठेवायला जाते, तेवढ्यात भिमाबाई तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणतात.

"आमू, त्यो खडा आपल्याच जाग्यावर बसला असंल का गं?"