यासीनचाचांचे दरवाजे

यासीनचाचा समोर दिसेल ते ठोकून बघायचे. रिक्षाचा टप, टरबूज, दवाखान्यातला बाक. उजव्या हातात चांदीची जाड अंगठी. तिनं टकटक करायचं आणि मान कलती करून ऐकायचं. मी कामाला लागलो त्या सकाळी त्यांनी माझ्या पाठीवरही ठोकलं. "बी.एस्सी. शे ना? देखू, भरेल शे का पोकळ." सगळे हसले. आमच्या कोरीट गावच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मीच पहिला, मला राग आला. "भरेल शे, चाचा. इचारी देखा." ते त्यांना आवडलं.

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्यांपलीकडे त्यांचं फायबरचं शेड होतं. आधी टाक्या आणि रिक्षाचे टप, मग एका कंपनीमार्फत लष्करी गाड्यांच्या दरवाजांचं काम आलं. साच्यात काचधाग्यांची चटई अंथरायची, रेझिन ओतायचं, रोलरनं हवा काढायची, त्यावर पुन्हा चटई. पत्र्याहून हलकं काम, गंजत नाही. पण थरांमध्ये हवा राहिली तर बाहेरून कळत नाही, आणि बिजागरीपाशी राहिली तर दणक्यानं दरवाजा फाटतो.

"लोखंड गंजीसन सांगस," चाचा म्हणायचे. "फायबर काहीच सांगत नही. त्याले इचारनं पडस."

विचारायचं ते अंगठीनं. चाचांनी ठोकून खडूची खूण केली की त्या दरवाजाला दुसऱ्या कुणी ठोकायचं नाही, हा शेडचा रिवाज.

एकदा खूण झालेला दरवाजा उचलताना माझ्या हातातला पाना त्यावर आपटला. आवाज मेलेला आला.

"चाचा, आठे पोकळ शे."

"कान धुईसन ये, पोऱ्या." त्यांनी पुन्हा ठोकलं, मान कलती केली, हसले. "भरेल शे."

मी ग्राइंडर घेतला आणि सगळ्यांदेखत बिजागरीची जागा कापली. आत तळहाताएवढी पोकळी.

चाचांनी अंगठी काढून माझ्या हातात दिली आणि दरवाजाला कान लावला. मी भरीव जागी ठोकलं, मग पोकळ जागी.

"जोरमा ठोक ना!"

मी जोरातच ठोकत होतो. ग्राइंडरच्या कर्कश आवाजात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कान कधी गेले ते त्यांनाच कळलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी तयार माल घणानं फोडला. "चाचा, पोटना सवाल शे," म्हणत कामगार आडवे आले. ते त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. काम गेलं, शेड बंद पडलं. आधी पाठवलेल्या दरवाजांचं मी कंपनीला फोनवर सगळं सांगितलं. उत्तर आलं: बसवले, गाड्या रवाना झाल्या, तक्रार नाही. मी ते चाचांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"तक्रार कोन करी? दरवाजा फाटना आनि गाडी दरीमा गई, मंग सांगाले कोन ऱ्हाई?"



मग ते रोज स्टेशनवर जाऊ लागले. फायबरच्या धुळीनं छाती भरलेली, दोन पायऱ्या चढले की धाप लागायची, तरी फलाटावर सुट्टीचा जवान दिसला की त्याची बाही धरायचे. "भाऊ, तुन्ही गाडीना दरवाजा धड शे ना?" जवान काहीतरी बोलायचा, चाचा माझ्याकडे बघायचे. "काय बोलना?"

"पायदळमा शे म्हने. त्याले माहीत नही."

ते मान हलवायचे आणि पुढच्या डब्याकडे निघायचे.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्या दरवाजांपैकी एकही उघडलेला माणूस त्यांना शेवटपर्यंत भेटला नाही.