दोन पंचम्या

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, तरी वेळेची ऐट होती, आणि ती सगळी माझी होती. एकोणीसशे तिसाच्या सालानंतरची दोन-तीन वर्षं म्हणते मी. रेवदंड्याच्या खाडीला आत एक फाटा फुटतो. त्याच्या अलीकडच्या काठावर आमची दहा-बारा घरांची वाडी, पलीकडच्या काठावर मोठं गाव, आणि गावाच्या तोंडाशीच शाळा. माझी थोरली मुलगी चौथीत होती, धाकटा मुलगा दुसरीत. वाडीतून शाळेत जाणारी तेवढी दोनच.

एरवी मुलं होडीने जात. वैशाखात मात्र होडीवाला होडी वर ओढून तिला तेल पाजायला ठेवी. मग आठ-दहा दिवस सगळी वाडी ओहोटीला चालत पलीकडे जाई. गाईगुरंसुद्धा जात. मधल्या धारेत मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं पाणी असे, बाकी सगळा चिखल. वळसा घालून वाट होती, पण ती दोन कोसांची, उन्हातान्हाची. मुलांना तिकडून कोण पाठवतो?

भरती-ओहोटी कधी, हे वाडीतले पुरुष चिखलाकडे बघून सांगत. आमचे हे तर नुसतं नाक वर करून सांगत, ‘आज पानी लौकर येल.’ मला त्याचा राग येई. कशावरून, म्हटलं तर उत्तर नाही. तेवढ्यात मुलगी शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकली. रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून घोकायची, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार. घोकणारी ती, पाठ झाली मला. वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने कधीतरी सांगितलेलं माझ्या लक्षात होतं, की तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. मी दोन्हींची सांगड घातली. चार दिवस पडवीच्या खांबाच्या सावलीवरून ताडून पाहिलं तर तंतोतंत जमत होतं! झालं. अक्षरशत्रू बाई मी, पण पाणी कधी येणार ते पुरुषांच्या आधी सांगायला लागले. (लिहायला मी पुढे मुलीकडूनच शिकले.) शेजारणी विचारायला येत. मी बोटांवर तिथी मोजून असं काही सांगायची, जशी समुद्राला सुट्टी मीच देते.

आणखी एक ऐट होती, ती मुलांची. माझा शब्द ती मोडत नसत. हात माझा पटकन उठे, तोंड त्याहून पटकन सुटे. एकदा मी मुलीला वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांपाशी राखणीला बसवलं आणि बजावलं, मी सांगेपर्यंत उठायचं नाही. मग कामाच्या रगाड्यात साफ विसरले. दुपारी जाऊन बघते तो उन्हाने तिच्या नाकाचा घोळणा फुटलेला, परकराच्या ओच्यात रक्त, आणि पोर आपली तिथेच बसलेली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ही गोष्ट मी वाडीभर कौतुकाने सांगितली. बघा, म्हटलं, शब्दाबाहेर नाही माझी लेक!

त्या वर्षी शाळेची परीक्षा घ्यायला डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. दिवस ठरला तो अक्षय्यतृतीयेनंतरचा तिसरा. मी बोटं मोजली. तृतीयेला घागरी भरून दिल्या, मग चतुर्थी, पंचमी, षष्ठी. सहा पाऊण साडेचार. भरती पुरी साडेचारला, आणि त्याच्या चार तास आधीपर्यंत पोरांना वाट चालते, म्हणजे साडेबारापर्यंत. डिपोटी बाराला उठणार होते. शाळेपासून काठ हाकेच्या अंतरावर. अर्धा तास हाताशी! मी खूश झाले.

सकाळी दोघांना न्हाऊ घालून, तेल चोपडून उभं केलं आणि मुलीला सांगितलं, “बारा वाजल्याबिगर उठायचं न्हाय. सुटलात का कुठं थांबायचं न्हाय. सरळ पान्यात उतरायचं, भावाचा हात धरायचा आन घरी यायचं. मी सांगितलंय तेवढंच करायचं. आयकलंस?”

“व्हय आये,” ती म्हणाली. दप्तर डोक्यावर घेऊन दोघं चिखलातून पलीकडे गेली.

मी चुलीला लागले. आमचे हे त्या दिवसांत मिठागराच्या बांधावर जात. पावसाआधी बांधाला बाहेरून चिखल थापावा लागतो, आणि बाहेरचं काम ओहोटी असेतोच चालतं. पाणी बांधाला लागलं की गडी जेवायला घरी. म्हणजे माझ्या हिशेबाने हे साडेबाराच्या सुमाराला येणार. मी सावकाश भात टाकला. सुक्या बोंबलांचं कालवण अजून उकळायचं होतं, पडवीच्या खांबाची सावली पायरीवर यायची होती, म्हणजे बारासुद्धा वाजले नव्हते, आणि हे दारात उभे. गुडघ्यापर्यंत चिखल.

मी भडकलेच. “आज काय काम अर्ध्यावर टाकलंत? भात शिजायचाय माजा!”

“अर्ध्यावर कसला?” हे म्हणाले, “पानी लागलं बांधाला.”

“येवढ्यात कसं लागंल? आज षष्ठी.”

“आज बी पंचमीच. दोन पंचम्या आल्यात या पक्षात. काल भटजी सांगून गेले बांधावर.”

“मग मला का न्हाय सांगितलंत?”

“तू कवा इचारलंस?”

हातातला डाव तसाच राहिला. पाच पाऊण पावणेचार. त्यातून चार तास गेले की पावणेबारा. मुलं बाराला सुटणार, आणि सरळ पाण्यात उतरणार. कारण मी सांगितलं होतं.

ह्यांना काय सांगितलं मला आठवत नाही. बहुतेक नुसतं ‘पोरं’ म्हणाले असेन. आम्ही दोघं धावत सुटलो. मिठागराच्या कडेने, तापलेल्या वाळूतून, अनवाणी. धावताना मला पाण्याची भीती वाटत नव्हती, हे मी आज शपथेवर सांगते. पाणी तर रोजचंच, ते बघून कुणीही शहाणं माणूस थांबेल. मला भीती वाटत होती ती माझ्या मुलीची. ती पाणी बघणार नाही, माझा शब्द बघेल. उन्हात घोळणा फुटला तरी न उठणारी पोर! जिचं कौतुक मी वाडीभर केलं, तीच माझ्या डोळ्यांपुढे भावाचा हात धरून छातीएवढ्या पाण्यात उतरत होती. देवाला मी म्हटलं, एकदा, एकदाच तिला माझं न ऐकण्याची बुद्धी दे.

काठावर पोचलो तेव्हा सकाळची वाट राहिलीच नव्हती. चिखलावरून पाणी आत शिरत होतं, मधली धार रुंद झाली होती आणि तिच्यात कचरा भराभर वर सरकत होता. पलीकडे कुणी नव्हतं. म्हणजे अजून सुटली नाहीत, की... ते ‘की’ मी पुरं केलं नाही. हे कमरेएवढ्या पाण्यात जाऊन इकडेतिकडे बघत राहिले.

मग शाळेच्या बाजूने दोघं आली. पाण्याशी येऊन थांबली. मी दोन्ही हात उंच करून हलवायला लागले, ओरडायला लागले, “उतरू नको! उतरू नको गो!” वारा पलीकडून अलीकडे होता, माझा आवाज माझ्याच तोंडात परत येत होता. धाकटा पुढे ओढत होता. त्याचा एक पाय पाण्यात गेला, तिने त्याला दंडाला धरून मागे खेचलं. मग तोंडाशी दोन्ही हात धरून ती ओरडली, आणि वाऱ्यावर तिचं बोलणं स्वच्छ माझ्यापर्यंत आलं.

“न्हाय येनार! आमी न्हाय येनार!”

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच चिखलात बसले आणि हसायला लागले, मग रडले, मग दोन्ही एकदम. हे मागे न बघता पाण्यात शिरले, धार पोहून पलीकडे गेले. तिघं करवंदीच्या जाळीशी टेकलेली मला दिसली. मग ती वळशाच्या वाटेला लागली. मी घरी आले तर भात करपलेला. दुसरा टाकला, आणि इतक्या आनंदाने मी जन्मात भात टाकला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी ती पोचली. बापाच्या खांद्यावर धाकटा, त्याच्या ओठांना करवंदांचा चीक. मुलगी मागून चालत, दप्तर कोरडं. मी दोघांचे पाय धुतले. तिला विचारलं, “तुला कळलं कसं पानी लौकर येनार ते?”

“फळ्यावर तिथी लिवली व्हती. शुद्ध पंचमी. मी पाऊणकी केली.”

“पाऊणकी केलीस तवा परीक्षा टाकून पळावंसं न्हाय वाटलं?”

“कशाला? पेपर पुरा केला. यायचंच नव्हतं, मग घाई कशाची?”

परीक्षेत ती पुढे चांगली पास झाली, पण त्या वेळी मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. मी म्हटलं, “बरं झालं, माजा आवाज आयकलास. वारा उलटा व्हता, मला वाटलं तुज्यापर्यंत पोचतच न्हाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “काय म्हनत व्हतीस तू?”

“उतरू नको म्हनत व्हते.”

“मला आयकू न्हाय आलं,” ती हळूच म्हणाली. “तू हात हलवत व्हतीस. मला वाटलं बोलावतेस.”

म्हणजे आई समोर उभी राहून दोन्ही हातांनी बोलावते आहे असं तिला दिसत होतं, आणि तरीही ती नाही म्हणाली होती.

तेवढ्यात धाकट्याने चहाडी केली. “मी सांगत व्हतो तिला, आये बोलावते, चल, न्हायतर मारंल. तर ताई म्हनली, मारू दे.”

मुलगी ताठ झाली. खांदे वर घेतले, डोळे अर्धे मिटले. मार यायच्या आधी ती नेहमी अशीच उभी राही. हे मला पाठ होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. लाज वाटली मला.

मी पानं मांडली. आमच्याकडे पहिलं वाढप बापाच्या पानावर, मग मुलाच्या, मग मुलीच्या, आणि उरलं तर माझ्या. त्या दिवशी भाताचा पहिला डाव मी मुलीच्या पानावर घातला. ह्यांनी बघितलं आणि आपलं पान थोडं मागे सरकवून घेतलं. मुलगी भाताला हात लावेना. माझ्याकडे बघत होती, मी चुकून वाढलं असं समजून.

“तुलाच,” मी म्हटलं. “जेव.”