दारणेत न्हाणारी पिकअप

नाशिक जिल्ह्यात स्वतःच्या गाडीवर माझ्या बायकोच्या मामांइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि कुणाच्या गाडीला त्या प्रेमाचा एवढा त्रासही झाला नसेल. नव्वदच्या दशकात सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मामांनी एक जुनी पिकअप घेतली. देवळ्याच्या चुलतभावांचा कांदा विंचूरच्या बाजारात पोचवायचा, एवढंच तिचं काम. पण मामा तिच्याबद्दल माहेरपणाला आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलत. तिच्यात चप्पल काढून बसावं लागे. चढ लागला की ते "चल गं बाई, थोडंच राहिलंय" म्हणत, आणि चढ संपेपर्यंत आम्हीही गप्प बसावं अशी अपेक्षा असे. एकदा मी मध्येच उन्हाबद्दल काहीतरी बोललो. "जावईबापू," मामा म्हणाले, "तिचं लक्ष जातं."

प्रत्येक खेपेनंतर, नाशिक रोडला घरी येण्याआधी, मामा गाडी थेट दारणेच्या पात्रात उतरवत, चाकं निम्मी बुडेपर्यंत. "तापून आलेली असते बिचारी," म्हणत ते लेंगा खोचून तिला तासभर न्हाऊ घालत आणि तेवढा वेळ मोकळ्या गळ्याने नाट्यपदं म्हणत. घरात मामींनी पदांवर बंदी घातली होती. गाडीची काही तक्रार नव्हती.

तक्रार यायला लागली ती चाकांतून. दर पाच-सहा महिन्यांनी एखादं चाक घरघरू लागे आणि त्याचं बेअरिंग गेलेलं निघे. पहिल्याचा दोष मामांनी कंपनीला दिला, दुसऱ्याचा रस्त्याला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "यंदाचा कांदाच जड आहे." त्या दुरुस्तीत मामींचा ठरलेला फ्रिज गेला. "आणखी एक बेअरिंग गेलं, की गाडी विकायची," मामी म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात मामींनी एकही धमकी वाया घालवली नव्हती.

मामा घाबरले. चारही चाकं तपासायला मला घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने एक चाक खोललं, आत बोट फिरवलं आणि ते मामांपुढे धरलं. बोटाला पांढरं काहीतरी लागलं होतं.

"काका, हे ग्रीस हाय का ताक? गाडी पोहायला नेता काय?"

"आंघोळ घालतो," मामा ताठ मानेने म्हणाले.

"तापलेलं चाक गार पाण्यात घातलं की पाणी आत ओढून घेतं. ग्रीस गेलं, बेअरिंग कोरडं घासतं, संपलं. नायतर वर्षानुवर्षं चालतं हो. तुमची माया त्याला सोसत नाय."

परतताना पुलाचा चढ आला तरी मामांनी गाडीला धीर दिला नाही.

त्यानंतर एकही बेअरिंग गेलं नाही. मामींचा फ्रिज आला, गाडी टिकली. पुढे बऱ्याच वर्षांनी दारणेच्या पुलावरून जाताना मला ती दिसली: काठावर उभी, फडक्याने लख्ख पुसलेली, कोरडी. मामा एकटेच गुडघाभर पाण्यात, लेंगा खोचून. मी खाली उतरलो.

"मामा, आज पद नाही?"

"इथून कुणाला ऐकू जाणार?" ते म्हणाले. नजर काठाकडे होती.

मी वर गेलो, चप्पल काढून गाडीत बसलो आणि नदीकडची काच खाली केली. थोड्या वेळाने खालून पद सुरू झालं. आवाज पूर्वीपेक्षा बराच बारीक झाला होता.