गळती ज्याला दिसली त्याची

जनाआत्या चव बघितल्याशिवाय पाणी पीत नसे. तिच्यासमोर पाण्याचं भांडं आलं की ती आधी उजव्या हाताचं बोट त्यात बुडवी, जिभेवर टेकवी, डोळे किंचित मिटून घेई आणि मग निकाल देई. निकाल लागेपर्यंत पाणी देणाऱ्याने मुकाट्याने उभं राहायचं.

रोह्याच्या बाजारात माझं औषधाचं दुकान. तिथेच ती मला पहिल्यांदा भेटली. गुडघ्याला लावायचं तेल न्यायला आली होती आणि ऊन मी म्हणत होतं, म्हणून मी तिला माठातलं पाणी दिलं. बोट बुडालं, जिभेवर गेलं.

"डॉक्टर, पानी कालचं हाय," ती म्हणाली.

मी डॉक्टर नाही आणि पाणी सकाळीच भरलंय, या दोन्ही गोष्टी मी तिला ठासून सांगितल्या. संध्याकाळी घरी विचारलं, तर बायको म्हणाली की घाईत माठ उपसायचा राहिला, कालच्यावरच नवं ओतलं. पुढे आत्याने पाण्याचा विषय सोडून दिला, पण मला दिलेली डॉक्टरकी काही परत घेतली नाही.

ती आमच्याच गल्लीत, मागच्या चाळीत राहायची. मुलगा दत्ता कारखान्यात शिफ्टवर जाई. तिचं माहेर आणि सासर दोन्ही पेणच्या पलीकडच्या खारेपाटात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे मातीचा बांध. तो बांध आहे तोवर भात आहे. बांध फुटला तर त्याला तिकडे 'खांड गेली' म्हणतात, आणि एकदा खांड गेली की खाडीचं पाणी शेतात शिरून जमीन वर्षानुवर्षं पिकत नाही. आत्याचं सासरचं शेत असंच गेलं होतं. नवऱ्याने काही वर्षं मिठागरावर काम केलं आणि मग बिऱ्हाड रोह्याला हलवलं. हे ती रडत सांगत नसे. "दर्या काय दार वाजवून येत नाय," एवढंच म्हणे. "चिंबोरीच्या बिळातून येतो."

चिंबोरी म्हणजे खेकडा. तो बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं आणि भरतीच्या एका रात्रीत त्याची खांड होते. म्हणून खारेपाटात एक रीत होती. बांध कोणाच्याही शेताचा असो, झिरपताना ज्याला दिसला त्याने हातातलं काम टाकून तो बुजवायचा. नवरदेव वरातीतून उतरून चिखलात हात घालताना तिने पाहिला होता. "गळती ज्याला दिसली त्याची," हे तिच्या बापाचं वाक्य. ती ते इतक्यांदा म्हणे की आमच्या दुकानातला नळ ठिबकू लागला तर मी तो ती यायच्या आधी घाईघाईने दुरुस्त करून घेई.

मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, चालायला सांगितलं. रोह्यापासून मुरुडच्या बाजूला डोंगरात राखलेलं जंगल आहे. आत पायवाटा आहेत, आणि वर झाडीच्या मधोमध जुन्या मातीच्या बांधाने अडवलेलं एक तळं. दर रविवारी आम्ही चार-पाच जण मिनिडोर रिक्षा ठरवून तिकडे जाऊ लागलो. आत्याच्या कानावर हे गेल्याबरोबर ती दुकानात हजर झाली.

"तळ्याचं पानी गोडं?"

"गोडं."

"मालक कोन त्याचा?"

"कोणी नाही. जंगलाचं पाणी आहे."

"मंग पितं कोन?"

"जनावरं पितात."

तिने माझ्याकडे मी थाप मारतोय अशा नजरेने पाहिलं. जन्मभर तिने पिण्याच्या पाण्यासाठी हंडे वाहिले होते. गोडं पाणी असावं आणि त्याला मालक नसावा, हे तिच्या डोक्यात शिरेना. पुढच्या रविवारी रबरी चप्पल घालून ती मिनिडोरमध्ये आमच्या आधी बसलेली होती.

जंगलाचा पहारेकरी काशिनाथ. त्याने तिला तळ्याच्या काठावर अडवलं. "आजी, पान्यात उतरायचं नाय."

"मी कुठं उतरतंय? बोट उतरतंय."

काशिनाथला यावर नियम सापडेना. आत्याने बोट जिभेवर टेकवलं, डोळे मिटले आणि कपाळाला आठी घातली. मला वाटलं पाणी नापास झालं. मग तिने पुन्हा बोट बुडवलं.

"डॉक्टर, ह्याला काय चवच नाय हो!" ती आनंदाने म्हणाली. "मीठ नाय, गंज नाय, पायपाचा वास नाय. कायच नाय!"

त्या दिवसापासून तिला त्या जंगलाचं वेड लागलं. आम्ही साखर उतरवायला चालायचो, ती प्रश्न विचारायला. शेकरू झाडावरून खाली येत नाही म्हणतात, तर मग ते पाणी कुठं पितं? सांबराला पाणी खारट लागलं तर कळतं का? आधी कोण पितं, पक्षी की जनावर? काशिनाथ बिचारा सुरुवातीला उत्तरं द्यायचा, नंतर ती दिसली की झाडावर काहीतरी बघत उभा राहायचा. तळ्याच्या खाली, उतारावर, झाडीत एक लहानसं डबकं होतं. तळ्यावर माणसं येतात म्हणून जनावरं तिथे पाण्याला उतरत. भर उन्हाळ्यातही ते आटत नसे. आजूबाजूच्या वाडीतले लोक त्याला देवाचा झरा म्हणत, आणि काशिनाथही तेच सांगे.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही बांधावरून चाललो होतो. आत्या मागे राहिली. एकदम तिची हाक आली, "अरं, गळतंय!" वळून पाहिलं तर साडीचा काष्टा मारून ती बांधाच्या खालच्या अंगाला पोहोचलीसुद्धा होती. दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार झिरपत होती. काशिनाथ त्या दिवशी दुसऱ्या वाटेवर होता. तो असता तरी तिने ऐकलं असतं असं मला वाटत नाही. तिने तळ्याकाठची चिकणमाती आणली, त्यात गवत कालवलं, फटीत बोटांनी आतवर ठासलं, वर दगड बसवला आणि टाचेने दाबला. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती बांधाला कान लावून काही वेळ ऐकत राहिली. धार बंद झाली होती. त्या दिवशी परतताना मिनिडोरमध्ये ती माहेरी जाऊन आल्यासारखी बोलत होती.

शिमग्यानंतर एका रविवारी फाटकावर काशिनाथने आम्हाला थांबवलं. त्याचा चेहरा उतरला होता. देवाचा झरा आटला होता. त्याच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. जनावरं येऊन रिकामं डबकं हुंगून जात होती, काही पाण्यासाठी थेट वाडीतल्या विहिरीकडे उतरू लागली होती, आणि तिथे कुत्री होती. वाडीतले म्हणत होते, शहरातली माणसं यायला लागली म्हणून देव कोपला. वनखात्याच्या साहेबांचंही मत तेच, देवाचं नाव न घेता. आजपासून पायवाटा बंद. कदाचित कायमच्या.

आम्ही वाद घालू लागलो. पाऊस कमी झाला, कोणी बोअर मारली असेल, असं प्रत्येकाने आपापलं शास्त्र मांडलं. आत्या मात्र फाटकाला धरून आतल्या वाटेकडे बघत होती.

"काशिनाथ, मना एकदा ते डबकं दाखव," ती शेवटी म्हणाली. "मंग जा म्हन."

तिच्या वयाकडे बघून त्याने आम्हा दोघांना नेलं. डबक्याच्या तळाशी ओलसर चिखल उरला होता. तिने तो दाबला, वर आलेलं पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं. मग मान वर करून उताराकडे बघत राहिली. वर, झाडांच्या फटीतून, तळ्याचा बांध दिसत होता.

"हा झरा नाय," ती म्हणाली. "हे तळ्याचंच पानी. गळतीचं. ते मी बुजवलं."

मी म्हणालो, "आत्या, कशावरून? उगाच अंगावर कशाला घेतेस?" खरं तर मला भीती होती की हे कबूल केलं तर हिला पुन्हा कधीच आत सोडणार नाहीत. तिलाही ते कळत होतं. हाताला लागलेला चिखल ती तसाच धरून उभी होती.

"बुजवली तवा माझी, न आता काय परक्याची?" ती म्हणाली. "साहेबाला सांग, काशिनाथ. म्हातारीनं केलंय. म्हातारीच उघडंल."

साहेबांनी आधी नाहीच म्हटलं. बांध फुटला तर जबाबदार कोण? काशिनाथने रदबदली केली आणि मग काशिनाथच्याच देखत, फक्त एकदा, अशी परवानगी मिळाली. दत्ता आईवर चिडला होता. "गावभर हसं करून घेतलंस गो आये," म्हणत होता, पण तोही आला.

ते काम मी कधी विसरणार नाही. बुजवायला तिला जितका वेळ लागला होता त्याच्या कितीतरी पट उघडायला लागला, कारण तिने बुजवलंच तसं होतं. एक एक चिमूट माती काढायची, कान लावायचा, थांबायचं. "आमच्या बांधाला उघाडी असते," ती मधेच म्हणाली. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. "पन त्यावर पुरुष मानसं असायची. मना कुनी उघडायला शिकवलंच नाय. बुजवायलाच शिकवलं." अखेर फटीत ओल आली, मग थेंब आला, मग धार. तिने पोकळ बांबूचा एक तुकडा तिथे बसवला, भोवती माती लिंपली आणि बाजूला झाली.

पाणी डबक्यापर्यंत पोहोचलं नाही. तहानलेली जमीन ते वाटेतच पीत होती. संध्याकाळी आम्ही तसेच परतलो. आत्या घरी जेवली नाही असं दत्ता सांगत आला, आणि तो आठवडा ती दुकानाकडे फिरकली नाही.

पुढच्या रविवारी काशिनाथचाच निरोप आला, आजीला घेऊन या. डबक्यात पाणी होतं. फार नव्हतं, पण होतं. काठच्या चिखलात खुरांचे ताजे ठसे होते.

"हा कोन?" आत्याने विचारलं.

"सांबर."

ती ठशाशेजारी बसली, बोट बुडवून जिभेवर टेकवलं आणि निकाल दिला, "कोनतरी पिऊन गेलंय." काशिनाथ तिच्या पाया पडायला वाकल्याचं मी पाहिलं आणि तिने त्याला चिखलाच्या हाताने ढकलल्याचंही. पायवाटा पुन्हा खुल्या झाल्या.

तिचे गुडघे त्यानंतर फार काळ टिकले नाहीत. मग आम्ही जायचो आणि ती चाळीच्या दारात बसून वाट बघायची. मिनिडोर थांबला की तिचा एकच प्रश्न असे.

"गळतंय ना?"

"गळतंय, आत्या."

"मंग बरं हाय."

जन्मभर गळतीच्या भीतीत जगलेल्या बाईने गळती चालू आहे ना याची चौकशी करावी, याची मला दर वेळी गंमत वाटायची. ती गेली त्या आठवड्यात तिला धड बोलताही येत नव्हतं. मी गेलो तेव्हा तिने नुसतं बोट उचललं. मी म्हणालो, "गळतंय." तिने डोळे मिटले, पाण्याची चव घेताना मिटायची तसे.

पाऊस संपल्यावर मी एकटाच तळ्यावर गेलो. बांबूच्या तोंडाशी पाचोळा अडकून धार अगदी बारीक झाली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी पायांतले बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधाच्या खालच्या अंगाला उतरलो. मला दिसली होती, तेव्हा ती माझी होती. पाचोळा काढल्यावर धार मोकळी झाली. उकळल्याशिवाय पाणी पिऊ नका असं दिवसभर गिऱ्हाइकांना सांगणारा मी, बोट धारेखाली धरलं आणि जिभेवर टेकवलं.

काहीच चव नव्हती.