ओहायोतली गोधडी आणि अनाथ नसलेली मुलं

डिपेंडंट व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बाईला प्रत्येक पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणात, एकच प्रश्न विचारतात, "मग तू दिवसभर काय करतेस?" कोलंबसजवळच्या डब्लिनला आम्ही आलो त्याला तीन वर्षं झाली. इतके दिवस मी लायब्ररी, योगा असं काहीबाही सांगून वेळ मारून नेत होते. २००७च्या पाडव्याच्या पॉटलकला मात्र तोंडात श्रीखंड असताना बोलून गेले, "मी गोधड्या शिवते."

साफ खोटं. गोधडीत शिरून मी परीक्षांचा अभ्यास केला आहे, आजारपणं काढली आहेत. शिवली एकही नाही.

पण ते मंजिरीने ऐकलं. मंजिरी ही आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, मूळची नागपूरची, आणि कामं दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात वाकबगार. तिच्या सोळा वर्षांच्या तन्वीला कॉलेजच्या अर्जासाठी व्हॉलंटियरिंगचे तास हवे होते. "भारी आयडिया! एखाद्या अनाथाश्रमात जाऊ. तू तिथल्या बायकांना गोधडी शिकव, तन्वीचे अवर्स होतील, मंडळाचे फोटो येतील. कसलं मस्त यार!" तिने तिथल्या तिथे टाळ्याही घेतल्या. मग नाही कसं म्हणणार?

तुम्हाला असं काही करायचं असेल तर दोन महिने आधी सुरुवात करा. फॉर्म भरावे लागतात, बोटांचे ठसे द्यावे लागतात, मुलांचे फोटो काढायला सक्त मनाई असते. ही शेवटची अट वाचून मंजिरीचा निम्मा उत्साह गेला. बॅनर मात्र ऑर्डर करून झाला होता.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी निघालो. रूट ३३ धरून आग्नेयेला अडीच तास. लँकेस्टर मागे पडलं की सपाट ओहायो संपतो आणि झाडीने भरलेल्या टेकड्या सुरू होतात. तिथे शाकाहारी माणसाला गॅस स्टेशनवर चिप्स आणि केळी एवढंच मिळतं, तेव्हा डबा न्याच. मंजिरीच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांनी आम्हाला तारलं. डिकीत कोरं सुती कापड खच्चून भरलं होतं, कारण "जुनं नेलं तर इंडियाची लाज जाईल" असं मंडळात ठरलं होतं. नमुना म्हणून मी आईने दिलेली गोधडी घेतली होती. एरवी ती कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे असते, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

दुपारी पोचलो. मुलं सांभाळणाऱ्या सहा बायका दारात उभ्या होत्या. त्यांत सगळ्यांत मोठी डॉना, साठीची, खणखणीत आवाजाची. मंजिरीने बॅनर उलगडला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'अनाथ बालकांना मराठी मंडळाची मायेची भेट'.

डॉनाने तो शांतपणे वाचला. "हनी, इथे अनाथ कुणीच नाही. प्रत्येक मुलाला आई आहे. त्या बायकांना सध्या मुलं सांभाळता येत नाहीत, म्हणून कोर्टाने इथे पाठवलंय."

"Oh my God, Mom," म्हणत तन्वीने बॅनर गुंडाळून डिकीत टाकला. आम्ही मोटेलवर गेलो. मोटेल स्वच्छ होतं, सकाळी वॉफल आपलं आपण करून घ्यायचं.

शनिवारी नऊला वर्ग सुरू. मी सुई ओवेपर्यंत डॉनाची एक ओळ घालूनही झाली. ती लहानपणापासून आईबरोबर क्विल्ट, म्हणजे इकडच्या गोधड्या, शिवत आलेली. तिचे टाके पट्टी धरून आखल्यासारखे. माझे बघून तिने विचारलं, "तुमच्याकडे असेच वाकडे घालतात?"

"हो, ती आमची स्टाइल आहे."

"Really, मावशी?" तन्वी पुटपुटली.

डॉनाने आईची गोधडी ओढून घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला. मधोमध तिचा हात थांबला. "इथे आत काहीतरी आहे."

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं घरात असून माहीत नव्हतं! कॉलिंग कार्ड काढून साताऱ्याला आईला फोन लावला.

"माझ्या साडीचा तुकडा आहे," आई म्हणाली. "तू जाणार म्हणून घातला. गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत, जवळच्या माणसाचं वापरलेलं कापड घालतात. आणि ते बोलून दाखवायचं नसतं, म्हणून बोलले नाही. जेवलीस का?"

मी हे सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. सांगताना रडले, आणि त्याच भरात मला गोधडी येत नाही हेही सांगून टाकलं. "ते टाक्यांवरून कळलंच होतं," डॉना म्हणाली. मग ती उठली आणि दारात बसलेल्या मुलीकडे गेली.

मुलीला मी इथे 'केली' म्हणते. आठ वर्षांची. रविवारी दुसऱ्या गावी, कोर्टाने ठरवलेल्या नव्या घरात जाणार होती. तिचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून तयार होतं. कुशीत आईचा निळा शर्ट, तो ती धुवू देत नव्हती. असाच एक शर्ट आधीच्या घरात कुणीतरी घाण म्हणून फेकला होता. आता हा शेवटचा उरला होता.

तो गोधडीच्या पोटात शिवून देऊ का, असं डॉनाने तिला विचारलं. केली म्हणाली, "कापायचा नाही. धुवायचा नाही. आणि कुणाला सांगायचं नाही."

आमचं कोरं कापड तसंच पडून राहिलं. डॉनाने केलीला लहान झालेले फ्रॉक, पायजमे काढले. शर्ट तसाच घडी करून मधे ठेवला आणि कडेकडेने आत धावदोरा घालत आम्ही नऊ जणी कामाला लागलो. मंजिरीसुद्धा, तीही न बोलता! शनिवारी संध्याकाळपर्यंत आणि रविवारी सकाळी पुन्हा. शेवटचे टाके तन्वीने घातले, तेही वाकडेच. गाडी आली तेव्हा केलीने काळी पिशवी डॉनाकडे दिली आणि गोधडी स्वतः उचलली. मधल्या जाड जागेवर एकदा हात दाबून पाहिला आणि गाडीत बसली. मला फार रडू आलं.

घरी येऊन सहा महिने झाले. आईची गोधडी आता सोफ्यावर असते, पाहुणे आले तरी. मंडळाच्या अंकात आमचा फोटो आला, कोऱ्या कापडाच्या गठ्ठ्यासह. गेल्या आठवड्यात मंजिरीचा फोन आला, ती रागाने फणफणत होती. "तन्वीने कॉलेजच्या एस्सेमध्ये तिथलं अवाक्षर लिहिलं नाही! टेनिसवर लिहिलंय! टेनिसवर कोण ॲडमिशन देतं?"

मी तन्वीला फोनवर बोलावून विचारलं, का गं?

"मावशी, she said कुणाला सांगायचं नाही."

सोळा वर्षांच्या मुलीला कळलं ते. मी नाव बदललं, गाव सांगितलं नाही, तिथे मराठी कुणी वाचत नाही अशी स्वतःची समजूतही घातली, आणि हे सगळं इथे लिहून मोकळी झाले.