पत्रावळीची वजाबाकी

बावन्न वजा सत्तावीस. इंदूच्या पाटीवर उत्तर होतं पस्तीस. आठवड्यात तिसऱ्यांदा.

दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकातून दहा उसने घ्यायचे, याला शाळेत हातचा घेणं म्हणतात. मी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले होते. वर्गाला कळलं. इंदू मात्र मोठ्या आकड्यातून लहान वजा करून मोकळी व्हायची, मग तो वर असो की खाली.

पिंपळनेरजवळच्या एका दोनशिक्षकी शाळेत माझं दुसरं वर्ष होतं. सन शहाऐंशी-सत्त्याऐंशी. माहेर जळगावचं, पिंप्राळ्यातलं. त्यामुळे मुलांची अहिराणी मला समजायची, पण वर्गात मी ती बोलू देत नसे.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, तिला यंदाही तिसरीतच ठेवा."

"सर, एकदा ठेवलीय. आता नापास झाली तर शाळा बंद, असं तिचे वडील म्हणतात."

"मग घरी जाऊन सांगून या. निकालाच्या दिवशी रडारड नको."

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. अंगणात इंदू आणि तिची आई पळसाच्या पानांना काड्या टोचून पत्रावळी लावत होत्या. शंभरचा एक गठ्ठा बांधायचा. मी विषय कसा काढावा या विचारात होते, तेवढ्यात आईने विचारलं, "इंदू, सदतीस व्हयन्यात. शंभरले कितल्या जोयजेत?"

"त्रेसष्ट." तिने मान वरही केली नाही.

मला मनातल्या मनात दोनदा हातचा घ्यावा लागला. त्रेसष्टच.

"इंदू, कसं केलंस गं?"

"सदतीसना चाळीस कराले तीन. मंग साठ."

"मग पाटीवर असं का करत नाहीस?"

ती गोंधळली. "बाई, पाटीवरनं गणित तुमनं शे. हाई घरनं शे."

नापासाचं काही न बोलता मी परत आले.

सोमवारी तिला म्हटलं, "घरचं गणित पाटीवर लिही. जसं बोलतेस तसंच." तिने घाबरत घाबरत लिहिलं. अक्षरं मोठी, वेलांट्या चुकलेल्या, भाषा अहिराणी. उत्तर बरोबर.

महिन्याभरात विस्तार अधिकारी तपासणीला आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, चारशे तीन वजा एकशे अडुसष्ट. मध्ये शून्य असलं की उसने घ्यायला शेजारी काहीच नसतं. भलीभली मुलं तिथे अडतात. वर्ग अडला. इंदू लिहीत होती.

साहेबांनी तिची पाटी उचलली आणि मोठ्याने वाचली.

"१६८ ना १७० कराले २. २०० कराले ३०. ४०० कराले २००. मंग ३. बठ्ठा २३५."

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "बाई, यात वजाबाकी कुठे आहे?"

"साहेब, उत्तर तपासून बघा."

त्यांनी कागदावर हातचे घेऊन उत्तर काढलं. मग फळा पुसून हजारातून तीनशे सत्तेचाळीस वजा करायला सांगितले आणि तिच्या शेजारी, सतरंजीवर चक्क मांडी घालून बसले. ती लिहीत गेली, तसे त्यांचे ओठ हलत गेले. शेवटी दोघं एकदमच म्हणाले, "सहाशे त्रेपन्न."

कुणीही न शिकवलेली रीत नऊ वर्षांच्या मुलीने पानं मोजता मोजता शोधली होती, आणि मी वर्षभर तिच्या उत्तरांपुढे फुल्या मारत होते.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, "रीत वेगळी, उत्तर बरोबर. हातचाही शिकवावा."

इंदू पास झाली. चौथीत हातचा तिला दोन दिवसांत आला. सातवीपर्यंत ती शाळेत होती.

पुढे नोकरीभर, चुकलेलं उत्तर दिसलं की मी त्या मुलाला जवळ बोलावून त्याची रीत ऐकून घ्यायचे. यात वेळ फार जातो. पेपर उशिरा तपासले म्हणून मला दोनदा मेमो मिळाला.