भाऊबीजेची ड्युटी

"गाव कुठलं म्हनायचं?"

तिकीट हातात देता देता बाई हे विचारायच्या. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्यात तिकिटाचं मशीन आणि नजर थेट समोरच्याच्या तोंडावर. नांदेड-लातूर गाडीनं तुम्ही कधी गेला असाल, तर या कंडक्टर बाई तुम्हालाही भेटल्या असतील. पण तुम्ही पुरुष असाल आणि तिशीच्या आसपासचे असाल, तरच हा प्रश्न तुमच्या वाट्याला आला असेल. बायकांना आणि म्हाताऱ्यांना नुसतं तिकीट मिळायचं.

मलाही नुसतंच तिकीट मिळायचं. मी लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि बिऱ्हाड नांदेडला आहे, त्यामुळे दर आठवड्याला ही गाडी ठरलेली. मला कुणी गाव विचारत नाही याचं मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. पण वाटायचं. एका सोमवारी मी मिशीला काळा रंग लावून गाडीत बसलो. बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी "लोहा" म्हणायला तोंड उघडलं.

"काका, मिशीचं काळं व्हटाला लागून राहिलंय," त्या म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

अपमान झाला की माझी बुद्धी जोरात चालते, असा माझा समज आहे. बाई एवढ्या तरुणांची गावं विचारतात, म्हणजे घरात लग्नाची मुलगी असणार, हे मी ताडलं. आमच्या कॉलेजातल्या एका क्लार्कचं स्थळ घेऊन मी बाईंपुढे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, माजी पोरगी तिसरीला हाय. आन् नवरा अर्धापूरला केळीचे ट्रक भरतो. त्येला कळलं तर तुमालाबी भरंल."

अख्खी गाडी हसली. लोहा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

खरी गोष्ट कळली ती एका भाऊबीजेला, आणि तीही माझ्या खादाडपणामुळे. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे कंडक्टर सुट्टीसाठी भांडतात, बाई मात्र ही ड्युटी मागून घ्यायच्या. त्यांच्या पिशवीत एक चपटा स्टीलचा डबा होता. दिवाळीचे दिवस, म्हणजे आत चिवडा नाहीतर करंज्या. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, "बाई, फराळ एकट्याच खाणार का?"

त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत कुंकू होतं, अक्षता होत्या, सुपारी, एक लहानसं निरांजन आणि तुपात भिजवलेली वात.

"आज समदे भाऊ गाडीत असतेत काका," त्या म्हणाल्या. "बहिनीकडं निघालेले. त्यातला एकांदा माजा असला, आन् माज्याजवळ कुंकूच नसलं, तर?"

लातूरचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या. आईवडील ढिगाऱ्यातून जिवंत निघाले नाहीत. त्या निघाल्या, आणि दीड वर्षाचा धाकटा भाऊ निघाला. पत्र्याच्या शेडांत माणसं राहत होती, तिथं एका संस्थेचे साहेब जीप घेऊन आले. दोघा भावंडांना एकत्र ठेवू, शिकवू, म्हणाले. थोडे दिवस बरे गेले. मग भावाला ताप आला म्हणून त्याला जीपमधून दवाखान्यात नेलं, आणि जीप रिकामी परत आली. साहेबांनी सांगितलं, देवाघरी गेला.

"मी म्हनलं, पुरलं कुठं ते तर दावा. त्येंनी मला नवा फ्रॉक दिला."

पुढे संस्थेतल्या स्वयंपाकीणबाईनंच त्यांना सांगितलं, की लेकरू गेलेलं नाही, दिलेलं आहे. मूल नसलेल्या एका घरानं मोठी देणगी दिली आणि साहेबांनी कागदावर लिहिलं, याला जगात कुणी नाही. ताप येऊन गेलेली अशी आणखीही लेकरं होती. बाई मोठ्या होऊन जाब विचारायला गेल्या, तोवर साहेब वारले होते, संस्था बंद पडली होती आणि साहेबांचं नाव एका चौकाला मिळालं होतं. लेकरं अनाथ केली ती भूकंपानं, पण बेवारस केली ती या माणसानं. त्या चौकातून जाताना मला आजही संताप येतो.

भाऊ नसलेल्या बायका आपल्याकडे भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे तुम्हाला माहीतच आहे. डेपोतल्या बायकांनी बाईंनाही ते सुचवलं होतं.

"चंद्राला बिनभावाच्या ओवाळतेत," बाई म्हणाल्या. "मला भाऊ हाय."

मला भरून आलं. मी तिथल्या तिथं मान पुढे केली आणि गॅदरिंगला टाळी घेतात तसल्या आवाजात म्हणालो, "मग मला ओवाळा. आजपासून मी तुमचा भाऊ."

"तुमी काकाच बरे," म्हणून त्यांनी डबा बंद केला.

मग मी काका म्हणून कामाला लागलो. बाईंना विचारून त्यांची हकिगत लिहून काढली. त्यात काळरात्र होती, क्रूर नियती होती, हरपलेलं मातृछत्र होतं. बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "ह्यात माजा भाऊ कुठं हाय?" शेवटी चार साध्या ओळी ठेवल्या, खाली माझा नंबर टाकला आणि त्या व्हॉट्सॲपवर सोडून दिल्या. फोन पुष्कळ आले. एकानं विचारलं, बहीण एसटीत असली तर भावाला पास मिळतो का. एकानं मलाच प्लॉट विकायचा प्रयत्न केला.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर उदगीरहून फोन आला. माणूस बियाण्यांचा दुकानदार होता, आवाज मऊ होता. निरोप आधी त्याच्या आईनं वाचला होता. म्हणजे ज्यांनी त्याला दत्तक घेतलं, त्या आईनं.

"दत्तक घेतलंय हे मला ठाऊक होतं सर," तो म्हणाला. "पण आई आता सांगून राहिली, घरी आणल्यावर महिनाभर मी आक्का, आक्का करून रडलो म्हणं. तिनं साहेबाला विचारलं, ह्याला बहीण हाय का? ते म्हणाले, संस्थेतल्या आयाबाईला लेकरं आक्का म्हणतेत. आईला पटलं न्हवतं. पण लेकरू परत द्यावं लागंल म्हणून ती गप बसली. आता तीच म्हणते, जा."

बाईंना आधी सांगू नका, मला एकदा नुसतं बघू द्या, असं त्याचं म्हणणं होतं. झालं! कॉलेजात दरवर्षी एकांकिका बसवणाऱ्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे? भाऊबीजेच्या दिवशी, संध्याकाळची लातूर-नांदेड गाडी, तो अहमदपूरला चढणार. बाईंनी गाव विचारलं की म्हणायचं, "ताई, जिथं तू, तिथंच माझं गाव." वाक्य माझंच. त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता, कारण त्याच्या डीपीवर महादेवाची पिंड होती. पण माझ्या शेजारच्या सीटवर निळा रुमाल टाकलेला असेल, तिथंच बसा, असं मी बजावलं होतं. रुमालावर आम्ही एसटीची माणसं जेवढा भरवसा ठेवतो, तेवढा सातबाऱ्यावरही ठेवत नाही.

अहमदपूरला झुंबड उडाली. एक गलेलठ्ठ गृहस्थ आले, त्यांनी रुमाल उचलून माझ्या हातात दिला आणि सीटवर बसले. मी त्यांच्या मांडीवर थोपटलं. "घाबरू नका," मी हळूच म्हणालो, "वाक्य पाठ आहे ना?" ते माझ्यापासून जमेल तेवढे लांब सरकले. मी मोबाईल काढून त्यांचं शूटिंग सुरू केलं.

गाडी शहराबाहेर पडली आणि बाई आल्या. "गाव कुठलं म्हनायचं?"

"किनगाव," गृहस्थ म्हणाले. "आन् ह्या सरांना दुसरीकडं बसवा."

ऐन वेळी नट वाक्य विसरतात, पण भाऊपणाच विसरलेला नट मी पहिल्यांदा बघत होतो. बाई पुढच्या माणसाकडे वळल्या. तो दांडीला धरून उभा होता, सडपातळ, कपाळाला भस्म.

"गाव कुठलं म्हनायचं?"

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे उत्तर कुणी दिलं नव्हतं. प्रत्येकाला गाव होतं. बाईंचं बोट मशीनवर तसंच राहिलं.

"म्हंजे?"

"लहान असताना शेडातून नेलं मला. राहतो उदगीरला. गाव... गाव आक्काला ठाऊक असंल."

बाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं आणि पाहत राहिल्या. मग त्याच्या कानाशी वाकून त्यांनी गावाचं नाव सांगितलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

बाईंनी घंटीची दोरी ओढली. भर रस्त्यात गाडी थांबली.

"काय झालं ओ बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"भाऊबीज हाय," बाई म्हणाल्या. "काडेपेटी द्या."

रस्त्याकडेला, गाडीच्या आडोशाला त्यांनी त्याला ओवाळलं. उदगीरच्या आईनं धाडलेली साडी त्यानं त्यांच्या हातावर ठेवली. आम्ही सगळे खाली उतरून उभे होतो. वर चंद्र होता का, कुणी बघितलं नाही. सगळ्यांत जास्त रडले ते किनगावचे गृहस्थ, माझ्याच रुमालात. तो रुमाल मला परत मिळाला नाही. माझ्या शूटिंगमध्ये त्यांची पाठ तेवढी आली आहे.

पुढे रीतसर तपासणी झाली आणि रक्ताचं नातं जुळलं. आता बाई नांदेड-उदगीर गाडीवर असतात; ती त्यांनी मागून घेतली. आमच्या गाडीवरच्या शेवटच्या फेरीला त्या माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं, आज तरी माझं गाव विचारतील.

"काका," त्या म्हणाल्या, "संस्थेत माज्या शेजारी निजायची, ती पोरगीबी भाऊ हुडकून राहिली. मी हाय उदगीरच्या गाडीला. ह्या गाडीला आता तुमी इच्यारत जा."

परवा चाकूरला एक तिशीतला माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. नवीन कंडक्टर मान खाली घालून तिकीट देऊन गेला. बराच वेळ माझा धीर होईना. शेवटी मी विचारलं, "गाव कुठलं म्हणायचं?"

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "चापोली. का हो काका, स्थळ हाय का?"

मागचे दोघं-तिघं हसले. मीही हसलो आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला विचारायला उठलो.